शेजारची सीट

जेवण झालं की माझे डोळे मिटतात, त्याला मी तरी काय करणार? आज मात्र झोपायचं नाही असं ठरवून मी दिवाणावर नुसती कलंडलेय. थोड्या वेळात बेळगावचे कोणी घाटगे गाडी बघायला येणार आहेत, आणि केतकी, माझी लेक, त्यांना चक्कर मारून आणणार आहे. गाडी आमच्या ह्यांची. जर्मन, निळी, दोनच दारांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर मांडी घालायची. फौंड्रीतून कितीही दमून आले तरी हे मऊ पंचा घेऊन आधी तिला पुसायचे. पावसात एकदाही बाहेर काढली नाही. बायकोला एवढं जपलं असतं तर, असं मी चारचौघांत म्हणायची.

हे जाऊन सहा महिने झाले. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, माणसं हात जोडून काय काय कबूल करायला लागली. केतकीचं लग्न करू, फौंड्री सांभाळू. शेवटी रणजित भावजी, माझे धाकटे दीर, ओरडले, "दादा, तुझी गाडी विकणार नाही!" आणि कुठून कोण जाणे, कावळा आलाच. झालं! आता तीच गाडी मी विकायला काढलेय. ठेवून तिचं करू काय, लोणचं घालू? पण काल भावजी फोनवर म्हणाले, "वहिनी, पिंडापाशी दिलेला शब्द मोडला की तो घरच्या माणसावर येतो." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. घरचं माणूस म्हणजे कोण? मी आणि केतकी. आणि गाडी चालवणार केतकी.

पंखा फिरतोय. त्याचा आवाज बारीक होतो, मग जाड होत जातो, आणि माझ्या लक्षात येतं की हा पंखा नाही, इंजिन आहे.

गाडी स्वयंपाकघरात उभी आहे, अगदी ओट्याला लागून. मला त्यात काही वावगं वाटत नाही. फरशीवर चाकांचे डाग पडणार, एवढंच मनात येतं. हे स्टिअरिंगवर बसलेत. अंगात पांढरा सदरा, कपाळाला गुलाल, आणि नाकात अजून कापूस.

"शैला, बस," हे म्हणतात.

गेलेल्या माणसानं बोलावलं तर जायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "मी नाही येत. मला ढीगभर कामं पडलीत."

"बरं," हे म्हणतात. रागावत नाहीत, काही नाही. "मग केतकीला घेऊन जातो."

मी वाकून आत बघते. मागच्या चिमूटभर सीटवर केतकी बसलीय. टपाला डोकं लागतंय म्हणून मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. "अगं आई गं! केतके, ऊठ! उतर खाली!" पण मागे दारच नाही. पुढची सीट वाकवल्याशिवाय पोर बाहेर येणार कशी? मी सीटच्या कडेला कळ शोधते, चाचपते, ओढते, आणि बघते तर मीच त्या सीटवर बसलेय. दार लागलंय. पट्टाही लागलाय.

गाडी ओट्यावरून शिरोलीच्या रस्त्याला लागते. पंचगंगेचा पूल येतो. पुलाखाली पाणी नाही, आमच्या लग्नाची पंगत बसलीय. सगळे मान खाली घालून जेवताहेत, आणि त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत.

"अहो, गाडी विकते म्हणून रागावलात का?" मी विचारते. "नाही विकत, झालं? आत्ता त्या घाटग्यांना फोन करते. पण तिला उतरू द्या."

"गाडीचं काय घेऊन बसलीस? विकून टाक. रणजित आपला उगाच बोलला. घाटावर मी गाडीसाठी थांबलो नव्हतो."

"मग कशासाठी?"

"तूच म्हणालीस ना, लवकर या."

म्हणाले होते मी. तिरडी उचलली तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. लग्न झाल्यापासून हे घराबाहेर पडताना 'येतो' म्हणायचे आणि मी 'लवकर या' म्हणायची. घरातून निघालेल्या माणसाला जा म्हणू नये, अशी आम्हाला शिकवण. त्या दिवशीही तोंडातून तेच निघालं. एवढ्या रडारडीत कुणाला ऐकू गेलं नसेल, असं मला वाटत होतं.

"आलो बघ," हे म्हणतात. "पण आता परतीला एकट्यानं जाता येत नाही. शेजारी कुणीतरी लागतं. नाहीतर बोलावणाऱ्यानं सोडायला हवं."

"सोडते की! काय करू सांगा ना!"

"जा म्हण."

एवढंसं तर म्हणायचंय. लेकीसाठी जीव नुसता थरथर कापतोय, आणि तरी ह्यांना सोडवत नाही. सहा महिन्यांनी आवाज कानावर पडतोय हो! तोवर रस्ता संपून घाटाच्या पायऱ्या लागतात. गाडी पायऱ्यांवरून धडधडत खाली निघालीय, खाली काळं पाणी. मागून केतकी मिटल्या डोळ्यांनीच म्हणते, "आई, येते गं."

"जा!" मी किंचाळते. "अहो, तुम्ही जा! परत येऊ नका!"

हे माझ्याकडे वळून बघतात. डोळे भरलेत त्यांचे. आणि करकचून ब्रेक मारतात.

"आई! ए आई, काय झालं? खालपर्यंत आवाज आला तुझा!" केतकी मला गदागदा हलवतेय. मी तिचे हात, गाल, मान सगळं चाचपून बघते. गरम आहे. धडधाकट आहे. "अगं सोड, घाटगे येऊन बसलेत," ती म्हणते आणि माझ्या खांद्यापाशी बघून मधेच थांबते. "हे काय लागलं तुला?"

मी पदर बाजूला करते. डाव्या खांद्यापासून छातीवरून तिरका खाली गेलेला लालभडक वळ उठलाय, पट्ट्याएवढा रुंद. बोट लावलं तर झोंबतोय.

"कशानं झालं गं हे?"

"तुझ्या बाबांनी ब्रेक मारला," मी म्हणते, आणि मला रडू कोसळतं.