पोत्याला दिलेलं पाणी

संध्याकाळ माझ्याकडे इतरांपेक्षा लवकर येते. अंगणातल्या लोकांना एकमेकांचे चेहरे अजून दिसत असतात, तेव्हाच माझ्यापुरती लाइट गेलेली असते. दिवसाही मी जग एका नळीतून पाहते. दाराची कडी दिसते, पण अख्खं दार दिसत नाही. बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, त्याचे हात कुठे आहेत ते कळत नाही. ही नळी हळूहळू बारीक होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

वाचायचं काम आता फोन करतो. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते इअरफोनमधली बाई कानात हळूच सांगते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी मी अडखळत वाचायचे. डोळ्यांनी कधी नीट न वाचलेली भाषा आता कानातून येते, आणि दुपारी पडल्या पडल्या ती ऐकताना वाटतं, कोणीतरी खूप दुरून, पाण्यावरून बोलतंय.

हे सगळं कुडव्यातल्या आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. ही पोरगी सारखी गाणी ऐकते, समोरून गेली तरी ओळख दाखवत नाही, शिष्ट आहे, असं लोक म्हणायचे. मी म्हणू देत होते.

गेल्या दिवाळीच्या आधी मला नागपूरचा एक कोर्स मिळाला. सहा महिने, राहायची सोय तिथेच, आणि स्क्रीन न पाहता कॉम्प्युटरवर काम करायला शिकवणारा. आई तयार होत नव्हती. शेवटी तिने अट घातली. "आत्याकडे केशोरीले मंडईले एकटी जाऊन ये. दोन दिवस राहा. तुझ्या डोळ्यांचं कोणाले कळलं नाही पाहिजे. मग पाहू नागपूरचं."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते. मैदानात दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं आणि घराघरात पाहुणे मावत नाहीत. लपायला याहून वाईट जागा नव्हती. आईलाही ते ठाऊक असणार.

बसमध्ये मी खिडकीशी बसले. कापणीला आलेला धान नळीतून नुसता पिवळा रंग होऊन वाहत होता. एकेक गाव जवळ आलं की फोन कानात सांगायचा. नवेगावबांधच्या पुढे नेटवर्क गेलं, बाई गप्प झाली, आणि मी जंगलाचा वास घेत तशीच बसून राहिले. भीती वाटायला हवी होती. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

आत्याच्या घरी पोचल्यावर मी पहिल्या तासात घर पाठ केलं. ओसरीपासून रांजण नऊ पावलं, मधे एक पायरी, डावीकडे बाज. पण पाहुण्याला पाणी नेऊन देणं हे घरातल्या मुलीचं काम. दिवसभर मी ते नीट केलं. आवाज ऐकायचे, अंदाज घ्यायचे आणि पाण्याने भरलेला गडवा पुढे करायचे.

दिवस कलला तेव्हा आत्याचे थोरले दीर आले. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. ते ओसरीच्या दाराजवळच्या टोकाला बसल्याचं मी ऐकलं होतं. पाणी घेऊन आले तेव्हा समोर त्यांचं बसलेलं अंग आणि डोक्यावरचा पांढरा दुपट्टा अंधुक दिसला. मी वाकून म्हटलं, "काकाजी, पाणी."

कोणी घेतलं नाही. मला वाटलं, रागावलेत. "घ्या ना, काकाजी."

ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाकडून काकाजींचा आवाज आला. "अवो बाई, त्या पोत्याले तहान लागली का?"

त्यांनी दुपट्टा धानाच्या पोत्यावर टाकला होता आणि ते उठून तिकडे गेले होते. सगळी ओसरी हसली. "इंग्लिश शाळेत पोत्याशी बी असंच बोलतेत का वो?" कोणीतरी म्हणालं. मीही हसले, जरा उशिरा. गडव्यातल्या पाण्यासारखं माझं नागपूर हिंदकळत होतं.

आत्या हसली नाही. तिने माझ्या हातातून गडवा घेतला. "दिवाळीच्या दिवसांत धान लक्षुमी असते. पोरीनं लक्षुमीले पाणी देल्लं, तर हसता कायले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात ती माझ्याशेजारी येऊन बसली. "किती दिवसांपासून दिसत नाही?"

मी आत जायला उठले आणि हात आपोआप भिंतीकडे गेला.

"कालपासून पाहून राहिली मी. भिंतीले हात लावून चालते तू."

"तुला कळलं हे आईला सांगू नकोस, आत्या. मग ती मला नागपूरला कोर्सला जाऊ देणार नाही."

"नाही सांगत. माह्यं तरी कोणाले माहीत आहे?" मग तिने आवाज आणखी बारीक केला. "मले वाचता येत नाही. कोणी कागद आणला का म्हणते, चष्मा सापडत नाही. माह्या घरी चष्माच नाही."

मी माझा इअरफोन काढून तिच्या कानात घातला. तिने थोडा वेळ ऐकलं. "ही तर तहसील हापिसातल्या बाईवानी बोलते," ती म्हणाली. "माह्या फोनात बी बसवून दे."

मी तिच्या फोनमध्ये ते सुरू करून दिलं आणि महत्त्वाचं सांगायचं विसरले. ती एकदाच बोट लावायची, बाई नाव सांगायची, पण उघडत काही नव्हतं. "बिघडवला न वो माहा फोन!"

"आत्या, एकदा बोट लावलं की ती फक्त नाव सांगते. आत जायचं तर दोनदा ठोकायचं. दारावर ठोकतो तसं."

"मंग असं सांग न." तिने ठोकलं. मेसेज उघडला. जावयाने कधीचा पाठवलेला होता, नातवाला दात आल्याचा. आत्या पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. नंतर मी तिला बोलून मेसेज लिहायला शिकवलं.

परतीच्या बसमध्ये नेटवर्क आलं तसा कानात आत्याचा मेसेज आला, आईच्या नावाने.

घरी आईने चहा टाकता टाकता पाठमोरीच विचारलं, "कोणाले कळलं तर नाही न?"

नाही म्हणता आलं असतं. आत्याने तोंड उघडलं नसतं.

"कळलं," मी म्हटलं. "आत्याला."

आई माझ्याकडे वळली. "मग? काय म्हणे आत्या?"

मी इअरफोन काढला. त्या घरात फोनला मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलू दिलं. बाई सरळ, विराम न घेता वाचत गेली, "पोरगी पोचली का वैनी तिले नागपूरले जाऊ दे माहा चष्मा सापडला."

चहा उतू गेल्याचा वास आला. "कोणता चष्मा?" आईने विचारलं.

"ते तिलाच विचार," मी म्हटलं. आई माझ्याजवळ येऊन बसली. "लाव बरं पुन्हा," ती म्हणाली.