घसरगुंडीला जाळी

आमचे हे गेली बावीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना ग्रील बसवतात. सुट्टीच्या दिवशी तरी पाठ टेकावी, तर परसात लेकीची घसरगुंडी जोडत बसले. मी सोबत आलेल्या कागदावरची चित्रं दाखवायला गेले, तर म्हणाले, "मला नको शिकवूस." मग मीही तोंड मिटलं.

दुपार कलेपर्यंत शिडी, फळी, कठडे उभे राहिले आणि यांच्या कमरेचा काटा पार ढिला झाला. शेवटी घसरगुंडीच्या तोंडाशी कठड्यात मोकळी जागा दिसली. कामावरून उरलेली जाळी लावून त्यांनी तीही बंद केली, नट घट्ट आवळले आणि तिथेच खोक्यावर बसले.

लेक शिडी चढून वर गेली. जाळीला धरून विचारते, "बाबा, घसरू कुठून?"

हसावं की रडावं मला कळेना. हे उठले. त्यांना स्वतः बसवलेली जाळी काढताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जाळी काढली आणि खाली घसरगुंडीच्या वाटेतच दोन्ही हात पसरून उभे राहिले.

लेक वरून म्हणाली, "बाबा, आता तू बाजूला हो."