हिरव्या फडक्यातली तबकडी

जी गाण्याची तबकडी माझी नव्हती ती मी पुण्याच्या दुकानात देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात एक नवी घेऊन आलो. ज्यांची होती त्यांना सांगितलं की ती फुटली. मला कोणी भरीला घातलं नव्हतं आणि माझी काही अडचणही नव्हती. हौस होती, एवढंच. भोरात ही गोष्ट माझ्या बायकोखेरीज कोणाला माहीत नाही. आता लिहून ठेवतो आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी भोरला शाळेत मास्तर होतो. आमच्या आळीत फोनो एकट्या माझ्याकडे होता. त्यामुळे अशी पद्धत पडली होती की कोणी जत्रेत, कोणी मुंबईहून येताना एखादी तबकडी घेतली तर ती आणून माझ्याच पेटीत ठेवायची, आणि ऐकावीशी वाटली की माझ्या ओसरीवर यायचं. पाकिटावर पेन्सिलीनं ज्याचं त्याचं नाव असे. वाण्याची एक, वकिलांच्या तीन, कासाराची एक. मी त्या नीट सांभाळतो, दर वेळी नवी सुई लावतो, असा माझा लौकिक होता.

एका तबकडीवर नाव नव्हतं. ती हिरव्या फडक्यात गुंडाळलेली असे. ती चाचांची.

चाचा बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान चालवीत. पण भोरात सगळे त्यांना सारंगीवाले म्हणूनच ओळखत. त्यांना एकच मुलगी होती. ती मुंबईला मावशीकडे राहून गाणं शिकली. तिच्याबद्दल आमच्या गावात लोक जे बोलायचे ते इथे लिहीत नाही. मीही त्यात कधीमधी होतो. तिची एक तबकडी निघाली. एका बाजूला जौनपुरी, दुसऱ्या बाजूला ठुमरी, आणि साथीला बापाची सारंगी. त्यानंतर वर्षभरात ती बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही.

दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर चाचा यायचे. ओसरीच्या कडेला बसायचे. त्यांची कपबशी आमच्याकडे वेगळी होती, बाहेरच्या कोनाड्यात. ती ते स्वतः काढून घ्यायचे, स्वतः विसळून ठेवायचे. मी दोन्ही बाजू लावायचो. ते ऐकताना डोलत नसत, दाद देत नसत. डाव्या हाताची बोटं तेवढी मांडीवर हलायची.

तेव्हाच्या तबकड्यांवर गाणं संपलं की गाणारा स्वतःचं नाव सांगायचा. तीही सांगायची, घाईघाईनं, जरा धापा टाकत. मला हा प्रकार बाजारी वाटे. गाणं संपलं की मी सुई उचलायला हात घालायचो, आणि चाचा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या मास्तर, अजून हाय."

एकदा मी विचारलं, "चाचा, गाणं तर संपलं. नावात काय ऐकायचं?"

ते म्हणाले, "गानं हातात हाय माझ्या. सारंगी धरली की येतंय परत. पर बोलनं न्हाई येत सारंगीतनं. पोरगी बोलती ती तेवडीच."

मी हसून मान हलवली. त्यांचं म्हणणं मला कळलं होतं. म्हणूनच पुढे जे केलं ते जास्त वाईट.

मला नाद होता नव्या तबकड्यांचा. दर महिन्याला टपालानं यादी यायची. नावाजलेल्यांच्या तबकड्या कोणीही मागवतो. मी यादीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली अनोळखी नावं वाचायचो आणि सुट्टी मिळाली की पुण्याला जाऊन ती ऐकायचो. त्यातून खरंच कधीकधी काही सापडायचं. भोरात नवं गाणं पहिल्यांदा माझ्या ओसरीवर वाजायचं, वकील आणि डॉक्टर ऐकायला यायचे आणि "मास्तरांचा कान" म्हणून माझं कौतुक व्हायचं. त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

विजेच्या यंत्रावर घेतलेल्या नव्या तबकड्यांत तंबोरा ऐकू येई, श्वास ऐकू येई. चाचांच्या मुलीची तबकडी त्याआधीची, भोंग्यात तोंड घालून ओरडायच्या दिवसांतली. आवाज पत्र्यातून आल्यासारखा. शिवाय इतक्या वेळा वाजलेली की रेघा करड्या पडल्या होत्या. ती संपली की मला सुटल्यासारखं वाटायचं, हेही कबूल करतो.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या दुकानदारानं मला एक तबकडी लावून दाखवली. "ही ऐका, मास्तर, मग बोला," एवढंच म्हणाला. मारवा होता. गाणारी बाई कोण, कुठली, त्यालाही माहीत नव्हतं. ती षड्जाच्या आजूबाजूला फिरत राहिली, त्यावर आली नाही, आणि शेवटी आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसरी बाजू ऐकली. परत पहिली लावायला सांगितली. इतकं चांगलं गाणं इतक्या थोड्या वेळात मावलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणखी दोन तबकड्या निवडून ठेवल्या.

दुकानदार म्हणाला, "तीन जुन्या आणा. हल्ली जुनी दिल्याशिवाय नवी देता येत नाही. लढाईत लाखच मिळत नाही."

"जुन्यांचं करता काय?"

"कारखान्यात जातात. वितळवतात आणि त्याच लाखेच्या नव्या काढतात."

पुढच्या रविवारी जायचं ठरवून मी पेटी उघडून बसलो. माझ्या स्वतःच्या चाळीसएक तबकड्या होत्या. त्यातल्या दोन कशाबशा काढल्या. तिसरी निघेना. ही काढून पाहायची, परत ठेवायची; ती काढायची, परत ठेवायची. मग हात हिरव्या फडक्यावर गेला. मी मनाशी म्हणालो, ही झिजलीच आहे. आणखी वर्षभरात नुसती खरखर उरेल. म्हाताऱ्याला ती पाठ आहे. हे सगळं म्हणायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. फडकं काढलं, घडी करून पेटीतच ठेवलं आणि तबकडी एका साध्या पाकिटात घातली.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार कात्रजच्या चढाला थांबली. आम्ही सगळे उतरून चालत होतो. तबकड्यांची पिशवी माझ्या खांद्याला होती. तिथून परत फिरता आलं असतं. तो विचार माझ्या मनात आला होता, आणि मी चालत राहिलो.

शुक्रवारी चाचा आले. कपबशी काढून बसले. मी म्हणालो, "चाचा, एक वाईट झालं. तुमची तबकडी हातातून पडली. फुटली."

त्यांनी उघड्या पेटीकडे पाहिलं. म्हणाले, "फडकं हितंच हाय की."

"पुसायला काढली होती."

"व्हय." मग म्हणाले, "तुकडं द्या मला. ठिवतो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "पोरांच्या पायात जातील म्हणून नदीत टाकले."

"कुठल्या अंगाला?"

"घाटाखाली," मी म्हणालो.

त्यांनी फडकं घेतलं आणि खिशात ठेवलं. उठताना उलट मलाच म्हणाले, "हातातनं पडायचंच, मास्तर. मनाला लावून घिऊ नका."

बायको दारात उभी होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "अहो, घर मी झाडते. तबकडी फुटली असती तर पहिला तुकडा माझ्या पायात गेला असता." तिनं चाचांची कपबशी उचलून स्वतः विसळली. तसं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं की सारंगीवाले नदीत उतरले आहेत. नीरेला उन्हाळ्यात पाणी थोडंच असतं. घाटाखाली धोतर वर खोचून ते गुडघाभर पाण्यात वाकलेले असत आणि हातानं तळ चाचपत. धुणं धुणाऱ्या बायका त्यांची चेष्टा करीत. "चाचा, मोती गावला का न्हाई?" म्हणत. ते म्हणत, "गावंल गं. तुमी पानी गढूळ करू नका म्हंजी झालं." असं पाच-सहा दिवस चाललं. मी घाटाचा रस्ता सोडून शाळेला मागच्या बोळातून जाऊ लागलो.

पुढच्या शुक्रवारी ते नेमानं आले. हातात काळा, चपटा तुकडा होता, ओला. "बगा बरं, मास्तर. रेघा हायत ह्याच्यावर. माझ्या डोळ्यांनी नीट दिसत न्हाई, पर बोटाला लागत्यात."

ती पाटी होती, रेघा ओढलेली, कुणा पोराची फुटलेली. मी रोज तसल्या पाट्या हातात घेत होतो.

"ही पाटी आहे, चाचा."

"पाटी व्हय." ते तुकडा हातात फिरवत राहिले. "मला वाटलं तीच."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आत वकील बसले होते, मारवा दुसऱ्यांदा ऐकायला आले होते, आणि मी म्हणालो, "चहा घ्या." त्यांनी घेतला नाही. पुढे पाऊस लागला, नदीला पाणी आलं आणि त्यांचं शोधणं थांबलं. ओसरीवर येणंही थांबलं.

मग मी शोधायला लागलो. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ज्या साच्यावरून ती तबकडी काढली तो केव्हाच मोडीत निघाला. मुंबईच्या जुन्या बाजारात दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्या घालवल्या. धुळीत बसून शेकडो तबकड्या चाळल्या. उत्तम उत्तम गाणी सापडली. वर्षापूर्वी ती सापडली असती तर मी आनंदानं वेडा झालो असतो. आता मी लेबल वाचून ती बाजूला सारत होतो. हवी होती ती एकच, आणि तिची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती.

मारव्याची तबकडी मी पुढे लावेनासा झालो. लावली की मनात येई, ही लाख कुठली असेल? तिच्या तबकडीची नसेल, ही आधीच तयार होती, दिवस जुळत नाहीत, हे मला समजत होतं. तरीही येई.

लढाई संपली. चाचांनी दुकान आवरलं आणि ते वरवे गावाजवळ सडकेला पुतण्याकडे राहायला गेले, असं कळलं. पुतण्या तिथे घोड्यांना नाल ठोकायचं काम करी. ते आजारी आहेत हेही कळलं. बायको म्हणाली, "आता नाही गेलात तर मग कधी जाणार?" तिनं याआधी तीन वर्षांत हा विषय काढला नव्हता.

मी गेलो. चाचा छपराखाली बाजेवर बसले होते. पार वाळले होते. आवाजावरून मला ओळखलं. "मास्तर आल्यात, पानी आना रं," म्हणाले आणि मग हळूच, "हितलं पानी चालंल ना तुमाला?" मी पाणी प्यालो.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. शाळेची चौकशी झाली. शेवटी मी म्हणालो, "चाचा, तुमची तबकडी फुटली नव्हती. मी ती पुण्याच्या दुकानात दिली."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं होतं की ते रागावतील, निदान तोंड फिरवतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "फुटली न्हाई? म्हंजी हाय ती? कुनीतरी घेतली आसंल की मग. वाजत आसंल कुनाच्या घरात." पुतण्याला हाक मारून म्हणाले, "आरं ऐकलंस का, फुटली न्हाई पलेट. पुन्यात हाय."

पुतण्यानं हातोडा थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी तिथेच थांबलो असतो तर म्हातारा सुखानं राहिला असता, असं मला अजूनही कधीकधी वाटतं. पण मग ते आणखी एक खोटं झालं असतं, आणि पुतण्या दुसऱ्याच दिवशी त्यांना पुण्याला घेऊन जायला निघाला असता. दुकानादुकानांतून त्यांना मी पुन्हा शोधायला लावलं असतं.

"नाही, चाचा," मी म्हणालो. "ती विकायला दिली नव्हती. तेव्हा जुन्या तबकड्या वितळवत होते. मला ते माहीत होतं. विचारून घेतलं होतं मी."

ते म्हणाले, "कशापायी दिलीत?"

"नवं गाणं मिळालं तिच्या बदल्यात."

"चांगलं व्हतं का?"

"चांगलं होतं," मी म्हणालो. तिथे तरी खोटं बोलणं मला जमलं नाही.

त्यांनी मान हलवली. बाजेच्या काथ्यावरून बोटं फिरवत राहिले. मी खाली जमिनीवर बसलो आणि त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. मी म्हणालो, "तुमची मुलगी मी दिली, चाचा. माझ्याकडे चाळीस होत्या, त्यातली एक मला सोडवेना, म्हणून तुमची एकुलती एक दिली. आणि खोटं बोलून तुम्हाला नदीत उतरवलं. माझं चुकलं. मला माफ करा."