दसऱ्याचा बॅकअप

शाम आडेच्या सल्ल्यांचा मला एके काळी फार वैताग यायचा. आता तो सल्ले देत नाही, तर त्याच्या बंद दुकानावरून जाववत नाही.

पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्याची आश्रमशाळेतली मराठीची बाई. त्याला वृत्तं शिकवता शिकवता माझा घसा बसला, पण पोरगा पंख्याच्या रेग्युलेटरकडेच बघत असायचा. मी निवृत्त झाले आणि फासे उलटे पडले. तो मास्तर झाला नि मी ढ विद्यार्थिनी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत भंगारात निघालेले जुने कॉम्प्युटर तो उचलून आणायचा, झाडूनपुसून त्यांच्यावर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम घालायचा आणि झेरॉक्सवाल्यांना, मास्तरांना, कृषी केंद्रवाल्यांना द्यायचा. त्यातलं एक मला दिलं.

मशीन दिलं की कीर्तन सुरू. इंटरनेटवर कमांड दिसली की लगेच चिकटवायची नाही, आधी वाचायची, कळली नाही तर त्याला फोन करायचा. पासवर्ड मागितला की जरा दम खायचा, कारण मशीन उगीच पासवर्ड मागत नाही, आतलं काहीतरी बदलणार असतं तेव्हाच मागतं. लाईटचा भरवसा नसेल तेव्हा अपडेटला हात लावायचा नाही. डिस्क टकटक वाजायला लागली की ताबडतोब बंद करायची आणि पुन्हा लावून बघायची नाही, कितीही जीव तळमळला तरी. मी एकदा चिडून म्हटलं, अरे, मला चार पत्रं टाइप करायची आहेत, रॉकेट उडवायचं नाही. तो नुसता हसला आणि बॅकअपवर आला. बॅकअप हा त्याचा अभंग होता.

दोन कॉप्या कधी एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, असं तो सांगायचा. त्याची स्वतःची एक कॉपी दुकानातल्या मशीनमध्ये आणि दुसरी घरी, म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यात, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या डिस्कवर. आणि वर हे ऐकवायचा, "बाई, जो बॅकअप परत उतरवून पाह्यला नाही, तो बॅकअप नसते. ते निस्तं मनाचं समाधान."

म्हणून तो दरवर्षी उतरवून बघायचा, आणि त्यासाठी त्याने दसरा धरला होता. दसऱ्याला घरातली हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडून पूजतात. शामचं हत्यार कॉम्प्युटर. विळ्याला धार लावावी तसं तो आदल्या दिवशी दुकानातलं मशीन आतल्या सगळ्या फायलींसकट पार पुसून काढायचा आणि नवं लिनक्स घालायचा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, हा त्याच्या बापाचा, गुलाबसिंगचा, कडक नेम. तांड्यात ती डिस्कही पाटावर मांडली जायची. दुसऱ्या दिवशी शाम ती दुकानात आणायचा आणि सगळं परत मशीनवर उतरवायचा. म्हणजे वर्षातला तेवढा एक सण असा असायचा, की दोन कॉप्यांची एकच उरायची. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण दरवर्षी सुरळीत पार पडलेल्या गोष्टीची कोण भीती बाळगतं?

त्या डिस्कवर गिऱ्हाइकांचं काहीबाही होतं. त्यातलं काही गेलं असतं तर शामने चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता. पण त्यात त्याच्या आईचा, धनीबाईचा, आवाज होता.

बंजाऱ्यांची नवरी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. आईच्या गळ्यात पडून गायचा वेगळा, बापाचा वेगळा, भावाचा वेगळा. तांड्यातल्या कितीतरी मुलींना तो धनीबाईने शिकवला होता. आता डीजेपुढे कोण शिकतं? शामची धाकटी बहीण पुष्पा यवतमाळला नर्सिंगला होती. ती म्हणायची, लग्न ठरू दे, मग शिकते. मीच तांड्यात जाऊन धनीबाईच्या मागे लागले, की निदान भरून तरी ठेवा. घरात लग्न नसताना ढावलो म्हणायचा नाही, म्हणून ती कितीतरी दिवस ऐकेना. अखेर एका दुपारी माझ्यासमोर अंगणात बसली आणि शामने फोन पुढे धरला. तिची अट एकच होती.

"रडनं काही बजारात मांडाची चीज नाही, बाई. माया पुष्पीनं ऐकावं. दुसऱ्या कोनाच्या फोनात नाही गेलं पायजे."

शामने शब्द दिला आणि पाळला. फोनमधून काढून मशीनवर घेतलं, डिस्कवर घेतलं आणि फोनमधलं पुसून टाकलं. इंटरनेटच्या ढगात नाही, पेनड्राइव्हवर नाही. मी एक कॉपी मागितली तर मलाही नाही म्हणाला. मी तेव्हा रागावले होते. आजही आठवलं की रागच येतो, पण नेमका कोणाचा ते सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धनीबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शब्द म्हणून काही उरलं नाही, नुसता 'आ, आ'. तेव्हा शाम मला म्हणाला होता की बरं झालं भरून ठेवलं. पुष्पाचं लग्न ठरत आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येईल, दुकानात बसेल, ऐकून ऐकून शिकेल, असं ठरलं. धनीबाईला ते सांगितलं तेव्हा तिने डाव्या हाताने शामचं तोंड कुरवाळलं.

मधे दसरा आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपट्याची पानं घेऊन दुकानात गेले. शाम खुर्चीच्या टोकावर बसला होता. मशीनला कालचा हार तसाच होता. पुढे ती डिस्क होती आणि ती टकटक वाजत होती. शामने वायर काढली, थांबला, परत लावली. टकटक. परत काढली, परत लावली.

मी म्हटलं, "शाम, अरे तूच सांगतोस ना, वाजली की पुन्हा लावायची नाही म्हणून."

"हो बाई," तो म्हणाला, आणि परत लावली.

त्याचा हात धरायला हवा होता, असं नंतर सुचतं. त्या वेळी मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. माझ्या हातातलं सोनं टेबलावर ठेवून मी उभी राहिले. बऱ्याच वेळाने टकटक थांबली आणि घरघर सुरू झाली, मग तीही थांबली. त्याने स्क्रू काढून डबी उघडली. आत पाणी सुकल्याचे डाग होते आणि एका कोपऱ्यात कुंकवाचा लाल ओघळ वाळून बसला होता. शाम त्याच्याकडे बघत राहिला. मग डबी मिटली आणि शटर खाली ओढलं.

नागपूरच्या माणसाने सांगितलं ते शामला आधीच ठाऊक होतं. पाणी गेलं तरी काही निघालं असतं. तशीच पुन्हा पुन्हा फिरवल्यामुळे आतली तबकडी पार खरवडून निघाली, आता काही होणार नाही. मग तो दुकानातल्या मशीनच्या मागे लागला. त्याच्यावर नवं लिनक्स बसलेलं, म्हणजे जुन्यावर नांगर फिरलेला. तरी पुसलेल्या फायली शोधणारा एक प्रोग्राम लावून तो दिवसचे दिवस बसून राहिला. गिऱ्हाईक यायचं, उभं राहायचं, निघून जायचं. शेवटी एका फायलीचं नुसतं तोंड हाती लागलं. त्यात काय होतं ते त्याने मला ऐकवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या सुमारास मी तांड्यात गेले. गुलाबसिंगने खाट टाकली, पाणी दिलं. साधा, नेमाचा म्हातारा. त्याला एकच कोडं पडलं होतं आणि ते त्याने मला शिकलेली बाई म्हणून विचारलं.

"येवढं जपून ठेवलं तरी काहून खराब झालं ते डब्बं? दरसाली याची माय मांडे पूजा. औंदा ते पडून हाये, म्हून म्या मांडली. विळे, कुऱ्हाड, समद्यासंग सोताच्या हातानं धुतलं, बाई. उन्हात वाळवलं. याची माय खाटेवरून आ आ करून राह्यली होती. मले वाटलं, तिले पूजा दिसून नाही राह्यली. म्हून मंग खाट जवळ ओढली."

धनीबाई खाटेवर होती. ती माझ्याकडे बघत होती की दाराकडे, कळेना. दरवर्षी त्या डिस्कला ती पाण्यापासून दूर ठेवायची, तिला पोराने तसं बजावलं होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. माझा तापट स्वभाव सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पण शाम दारात उभा होता आणि त्याने मान हलवली.

"काही नाही बा," तो म्हणाला. "जुनं झालतं ते. कधी ना कधी जाचंच होतं."

गुलाबसिंगचं समाधान झालं. माझं आजतागायत झालेलं नाही. एवढा घोकून घोकून जगाला शिकवणारा माणूस, आणि त्याचं सगळं त्याच्याच नेमाने बुडालं. कोणी चोरलं नाही, कोणी वाईट वागलं नाही. शिव्या द्यायच्या तर कोणाला द्यायच्या?

शाम त्यानंतर मिटतच गेला. कोणी मशीन आणलं तर दुरुस्त करून द्यायचा, बोलायचा नाही. कृषी केंद्रवाल्याने एकदा त्याला छेडलं, काय शामभाऊ, आज बॅकअपचं नाही सांगितलं. तर म्हणाला, घ्याचा तं घ्या, नाही तं नका घेऊ. उन्हाळा लागायच्या आत त्याने दुकान सोडलं आणि मशीन तांड्यात घरी नेऊन ठेवलं.

वैशाखात पुष्पाचं लग्न झालं. मांडवात डीजे होता, जेवणं झाली, सगळं रीतसर झालं. निघायची वेळ आली तेव्हा गुलाबसिंगने डीजे बंद करायला लावला. पुष्पा घरात आईच्या खाटेपाशी आली आणि तिच्या गळ्यात पडली. बायका भोवती जमल्या. पुष्पाने तोंड उघडलं, पण शब्दच नव्हते. ती नुसती रडली. जमनी नावाच्या म्हाताऱ्या चुलतीने दोन ओळी धरल्या, तिसरीपाशी ती अडखळली आणि पदर तोंडात धरून गप्प बसली.

धनीबाईने पुष्पाला जरा बाजूला सारलं. डावा हात उचलून घराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे कापडाखाली मशीन होतं. डब्बं खराब झालं हे तिने ऐकलं होतं, पण मशीनमधलंही गेलं हे तिला घरात कोणीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण आणि कसं?

"याडी," शाम म्हणाला. आईला ते याडी म्हणतात. ती बोट खाली घेईना. सगळा तांडा त्याच्याकडे बघत होता.

त्याने कापड काढलं, बटण दाबलं. मशीन झटकन सुरू झालं. त्याची मशीनं कधी अडायची नाहीत. त्याने स्पीकर लावला आणि ती एक फाईल उघडली.

आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग कोणीतरी घसा खाकरला. आणि मग धनीबाईचा धडधाकट, खणखणीत आवाज अख्ख्या घरात भरला. त्या दुपारी तिने मलाच विचारलं होतं. "बाई, चालू झालं का? म्हनू का मंग?"

तेवढंच. पुढे काही नव्हतं.

पुष्पाने ओल्या तोंडाने स्पीकरकडे बघितलं.

"म्हन ना, याडी," ती म्हणाली.

आम्ही सगळे थांबून राहिलो. खाटेवरचं बोट अजून मशीनकडेच होतं.