एकच रकाना

"राहू दे गं, तू दमली असशील," असं म्हणत काकूंनी माझ्या हातातला आमटीचा डाव काढून घेतला.

दमायला मी काय डोंगर चढून आले होते? ओहायोतल्या आमच्या शहरातल्या मराठी मंडळाचं गणपतीचं जेवण. काकू म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, त्यांच्याच बेसमेंटमध्ये पंगत. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना, मग गाव. मग, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी सरळ सांगितलं, बौद्धवाड्यात. अमेरिकेत कोण बघतंय, असं वाटलं मला. वेडी मी!

काकूंनी आमटीचं अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं. "खारट झाली होती," म्हणाल्या. खारट? पहिल्या पंगतीनं दोनदा मागून घेतली होती. मी पर्स उचलून निघाले. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी सिटी हॉलमध्ये प्लॅनिंगला होते. १९८० च्या सेन्ससचे, म्हणजे जनगणनेचे, आकडे लावायचे. टायरचे कारखाने बंद पडल्यावर कोण राहिलं, कोण गेलं, रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला काळे किती, पश्चिमेला गोरे किती. आपल्याला नवा रकाना मिळाला होता, एशियन इंडियन. काकू आणि मी एकाच रकान्यात! शेजारच्या टेबलावरची डोरथी रुळांच्या पूर्वेची. तिलाही जन्मभर बाजूच विचारलेली. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अँड यू जस्ट लेफ्ट?"

फार झोंबलं ते.

पुढच्या वर्षी मंडळाचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. अल्पसंख्याक म्हणून शहराचा हॉल हवा होता. लिहिलं होतं, गोरे आम्हाला परके मानतात, आम्ही भेदभाव सोसतो. वा रे वा! खाली प्रश्न होता, तुमच्या संस्थेत भेदभाव होतो का? उत्तर, नाही. खाली अध्यक्षांची झोकदार सही.

अर्ज दाबून ठेवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मला चोरून सूड नको होता. चारचौघांत हवा होता. अर्जावर सिटी कौन्सिलपुढे जाहीर सुनावणी होती, तिथे बोलायला मी नागरिक म्हणून नाव दिलं.

काकू भरजरी साडीत आल्या. मला बघून खूश. "आपलं माणूस आत आहे म्हणजे काम झालंच की!"

आपलं माणूस!

मी माइकपाशी गेले. घर कुठल्या बाजूला, डाव, पातेलं, सिंक, सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटपर्यंत थांबले नाही. कौन्सिलच्या बाईंनी अध्यक्षांना विचारलं, "इज दॅट ट्रू, सर?" ते टाय चाचपत राहिले.

काकू पुढच्या रांगेतून फणकारल्या, "अगं, घरातलं बाहेर कशाला काढतेस?"

मी माइकवरच मराठीत विचारलं, "घरात घेतलं होतंत कधी?"

हॉल मिळाला नाही. मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही. आता मंडळाचे लोक म्हणतात, झालं गेलं विसर. नाही विसरणार. पुन्हा अर्ज करा, खुशाल करा. जोवर त्या प्रश्नापुढे खोटं लिहाल, तोवर प्रत्येक सुनावणीत पहिली मी बोलेन.