दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सांझी

"दशहरे के अगले दिन? पुत्तर, अगले दिन आके क्या खाली दीवार देखोगे?"

फोनवर आमच्या यजमान आजी, कमला बीजी होत्या, पतियाळ्याजवळच्या एका गावातून. मी बेंगळुरूत, बसवनगुडीच्या आमच्या ऑफिसात. बसून बोलत होते ती उभीच राहिले.

मी टूर ऑपरेशन्समध्ये काम करते. म्हणजे पाहुण्यांबरोबर फिरणारी मी नाही. विमानं, बसगाड्या, हॉटेलं, यजमान यांची मोट बांधून देणारी मी. ग्रुप निघायच्या आधी प्रत्येक यजमानाला शेवटचा फोन करायचा असतो, त्याला आम्ही रीकन्फर्मेशन म्हणतो. नव्वद टक्के वेळा तो कंटाळवाणा असतो. "हो मॅडम, या मॅडम," एवढंच.

हा ग्रुप होता परदेशातल्या एका कलाशाळेचा. पंजाबच्या लोककलेची स्टडी टूर. फुलकारीचं भरतकाम, पितळेची भांडी ठोकणारे ठठेरे, चामडी जुत्ती, सतरंज्या, आणि सांझी. आधी दोन दिवस बेंगळुरूत एका कॉलेजात व्याख्यानं, मग पंजाब. त्यांच्या प्रोफेसर एलिनबाई फुलकारीच्या जाणकार, पण जीव सांझीत अडकलेला. सांझीचा एकच जुना काळा-पांढरा फोटो त्यांच्या वर्गात कित्येक वर्षं लावलेला. आता रिटायर होणार होत्या. मला पहिल्याच कॉलवर म्हणाल्या होत्या, "बाकी काहीही हुकलं तरी मी भांडणार नाही. सांझी मला भिंतीवर बघायची आहे. पुन्हा येणं माझ्याच्यानं होणार नाही."

सांझी म्हणजे नवरात्रात मुलींनी भिंतीवर बसवलेली देवी. मातीचं तोंड, हात, चांद, चांदण्या, दागिने करायचे, वाळवायचे, रंगवायचे आणि शेणामातीनं भिंतीला चिकटवायचे. रोज संध्याकाळी गाणी आणि प्रसाद. आणि दसऱ्याला, हे मला बीजींकडून आत्ता कळत होतं, तिला उतरवून पाण्यात सोडायचं. आमच्या प्रोग्रॅममध्ये गाव होतं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. उद्या आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, परवा दसरा. ग्रुप अजून इथंच, बसनं दहा मिनिटांवरच्या हॉटेलात. अरे बाप्पा!

तारखा मूर्ती सरांनी लावल्या होत्या. सर आमचे मालक. माणूस वाईट नाही, पण अस्सल बसवनगुडीचा. यांच्या घरी नवरात्रात गोंबे मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर लाकडी बाहुल्या. दसरा झाला तरी त्या ऐटीत बसलेल्या असतात, आणि निवांत बघायला येणारे पाहुणे दसऱ्यानंतरच येतात. देवीचं काहीही मांडलं की ते चार दिवस जास्तच राहतं, अशी सरांची जन्माची खात्री. त्यातून दसऱ्याला त्यांनी अख्ख्या ग्रुपला स्वतःच्या घरी जेवायला बोलावलेलं. केटरर ठरला होता, मावश्या म्हैसूरहून निघाल्या होत्या.

"सर, उद्याच निघावं लागेल."

"व्हॉट उद्या? आणि माझं जेवण?"

"सर, परवा सांझी पाण्यात जाते."

"मग त्यांना सांगा ना, एक दिवस ठेवा. ॲडजस्ट माडी. कोण विचारतंय?"

मी मुकाट्यानं फोन लावला, स्पीकरवर. बीजींनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तेरे घर से लड़की की डोली निकले, तो फोटो वाले के लिए रोकेगी?"

मलाच लाज वाटली. मी अमरावतीची. आमच्याकडे मुलींनी बसवलेली भुलाबाई कोजागिरीला जाते म्हणजे जाते. तिला एक दिवस जास्त ठेव म्हणणाऱ्याला माझ्या आईनं लाटण्यानं हाणलं असतं. तरी मी हा फोन लावला, कारण पगार.

सरांनी दुसरा रस्ता काढला. "डेमो करायला सांगा. नवीन भिंतीवर. या लोकांना काय कळतंय!"

"एलिनबाईंना कळेल, सर."

"तुम्ही सांगितलं तरच कळेल."

आता मात्र माझं डोकं भडकलं. "मी सांगणार, सर. तुम्हाला लपवायचं असेल तर दुसरं माणूस बघा." बोलून तर गेले. घराचा हप्ता डोळ्यांसमोरून गेला.

आमचं ऑफिस तळमजल्याला आणि सरांचं घर वर. नवरात्रात सरांच्या अम्मा रोज संध्याकाळी ऑफिसात उसळीचा डबा घेऊन उतरतात. त्या दारातच उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी काय झालं विचारलं, मी मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. डबा टेबलावर ठेवून त्या लेकाला म्हणाल्या, "होगली बिडो, जाऊ देत त्यांना. आपल्या बाहुल्या पेटीत जातात, पुढच्या वर्षी त्याच परत निघतात. त्यांची पोर विरघळते. जेवायलाच घालायचंय ना? आत्ता बोलाव."

"आत्ता? अम्मा, केटरर परवाचा आहे!"

"मग मी काय मेले?"

संध्याकाळी ग्रुप वर मांडी घालून लिंबाचं चित्रान्न खात होता आणि मी खाली तिकिटांशी मारामारी करत होते. सणाच्या तोंडावर ग्रुपच्या जागा बदलणं म्हणजे भरल्या बसमध्ये अख्खं वऱ्हाड चढवणं. चंदीगडची जागा नाही. अमृतसरची नाही. शेवटी दिल्लीच्या मिळाल्या, पुढे रात्रभर बस. एलिनबाईंना जिन्यातच गाठून सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. "पोचू ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सामान हॉटेलच्या दारात, पाहुणे दारात, आणि बस जागची हलेना. आयुधपूजा! बस धुतलेली, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. ड्रायव्हर नागराज अण्णा हाताची घडी घालून उभे. भटजी शेजारच्या गल्लीत, दुसऱ्या गाड्यांच्या पूजेत.

"अण्णा, फ्लाइट आहे! विमानतळ काय इथं आहे? पूजा येऊन करा!"

"स्वल्प थांबा, अक्का. वर्षभर हिच्या जिवावर खातो. आज पूजा झाल्याशिवाय टायर हलणार नाही."

काल बीजींसाठी नोकरी पणाला लावून भांडणारी मीच, आणि आज याला म्हणत होते, देव नंतर बघ! मग गेले धावत, भटजींना जवळजवळ ओढतच आणलं. मंत्र झाले, कोहळा फुटला, लिंबं चिरडली आणि बस निघाली. मी फूटपाथवर राहिले, चपलेला कुंकू लागलेलं. विमानात बसल्याचा मेसेज येईपर्यंत एक घोट चहा गेला नाही.

दसऱ्याला ऑफिस बंद. मी घरात येरझाऱ्या घालत होते. नवरा म्हणाला, "बस की जरा, फरशी झिजेल." सकाळी कळलं की हरियाणात बस पंक्चर झाली. दुपारी कळलं की पतियाळ्यात रावणदहनाच्या मैदानापाशी रस्ता बंद आहे. मी बीजींना फोन केला, पण थांबा म्हणायची हिंमत झाली नाही. त्याच म्हणाल्या, "तू मत बोल. मैं रोकूँगी नहीं. उनको बोल, जल्दी आएँ."

संध्याकाळी एलिनबाईंचा फोटो आला. रिकामी भिंत. नुसते मातीचे डाग. गेलं, सगळं गेलं.

मग त्यांचा फोन आला. मागे पोरी मोठमोठ्यानं गात होत्या आणि बाई चक्क रडत होत्या.

"पोचलो आम्ही. पोरी उतरवायलाच लागल्या होत्या. त्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातात खुरपं दिलं. म्हणाल्या, एवढ्या लांबून आलीस, देवीचं तोंड तू उतरव. मी उतरवलं. मी स्वतः कालव्यात सोडलं."

दुसऱ्या दिवशी मूर्ती सरांनी पहिला प्रश्न विचारला, "वेबसाइटसाठी भिंतीवरच्या सांझीचा फोटो आला का?"

"नाही, सर. त्यांचे हात मातीचे होते. दुसऱ्या कुणाला सुचलं नाही."

सर वर गेले, ते यंदा लवकरच बाहुल्या आवरायला.

नोकरी टिकली. आता रीकन्फर्मेशनच्या फोनवर मी "वस्तू कुठे आहे?" असं विचारत नाही, "कधीपर्यंत आहे?" असं विचारते. आणि आयुधपूजेला फ्लाइट असली, तर आधी भटजी बुक करते.