दुसऱ्या ओळीतलं निदान

"बाय, माका नेमकं काय झालंय, ते वाचून सांगा," खिडकीबाहेरचा माणूस म्हणाला आणि त्याने गिरणीचं पत्र आत सरकवलं.

पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं. गोविंद परब यांना रक्ताचा विकार असल्यामुळे पुन्हा कामावर घेता येत नाही. खाली गिरणीच्या डॉक्टरची सही. सोबत आमच्या हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी जोडलेली होती. ती मीच टाइप केली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. परळच्या एका हॉस्पिटलात मी रेकॉर्ड क्लार्क होते. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर माझ्याकडे येई. त्यावरचं निदान वाचायचं, जाडजूड पुस्तकात त्याचा नंबर शोधायचा आणि कार्डावर लिहायचा. या नंबराला कोड म्हणतात. उद्या कुणी विचारलं, न्यूमोनियाचे पेशंट किती, तर त्या कोडची कार्डं मोजून सांगता येतं.

माझी खोली तळघरात होती. वर वॉर्डात माणसं, खाली माझ्याकडे त्यांचे कागद. आई त्याच वर्षी गेली होती, त्यामुळे भायखळ्याच्या घरीही बोलायला कुणी नव्हतं. कधी कधी सकाळी शिपायाला गुडमॉर्निंग केलं की माझं त्या दिवसाचं बोलणं संपे. फार एकटं वाटायचं. मग मी कामातच नको तितकी घुसायची आणि स्वतःला हुशार समजायची.

परबचा केसपेपर असाच हुशारीत हाताळला होता. पहिल्या ओळीत डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं होतं. 'इतर निदान' ही दुसरी ओळ कोरी. मागे लॅबचा रिपोर्ट होता आणि त्यात प्लेटलेट खूपच वाढलेल्या. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण. तेव्हा ते मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी मोजत.

आता, प्लेटलेट दोन तऱ्हांनी वाढतात. एकीत रक्त तयार करणारी मज्जाच बिघडलेली असते. तो थ्रॉम्बोसायथेमिया, खरा रोग. दुसरीत शरीरात भलतंच काही झालेलं असतं, कुठे जंतुसंसर्ग, कुठे रक्तस्राव, आणि त्यापायी कण वाढतात. तो थ्रॉम्बोसायटोसिस, नुसती खूण. कोणतं ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी पुस्तक उघडलं, पहिलं नाव सापडलं आणि कोऱ्या ओळीत लिहून टाकलं. समरी टाइप केली. हाउसमनने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, वीसेक समऱ्यांच्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या ठोकल्या.

"बाय, काय लिहिलंय?"

"रक्तात दोष आहे असं," मी म्हटलं.

"माका तर काय होत नाय. खोकला होता, तो गेला. कामावर नाय घेतलं तर गावाक काय पाठवू? हितं माझा कोण नाय."

काळाचौकीला एका खोलीत बारा जण राहत, त्यातला तो एक. अॅडमिट होता तेव्हा त्याला भेटायला कुणी आलं नव्हतं, असं सिस्टरने केसपेपरवर नोंदवलेलं मला आठवलं.

मी त्याला बाकावर बसवलं आणि केसपेपर पुन्हा काढला. या वेळी सगळा वाचला. हाउसमनच्या गिचमिड अक्षरात एक ओळ होती: पोटावर डावीकडे ऑपरेशनचा जुना व्रण. कशाचं ऑपरेशन, ते नाही.

"हे पोटाचं ऑपरेशन कधी झालं?"

तो खिडकीला तोंड लावून हळू म्हणाला, "मोर्च्यात पडलो होतो. पोटात मार बसला. दुसऱ्या हास्पिटलात प्लीहा काढली. तिथे नाव वेगळं सांगितलं. पोलीस जखमींची नावं लिहून घेतात म्हणत होते. गिरणीत कळलं तर काढतील."

प्लीहा काढलेल्या माणसाच्या प्लेटलेट वाढतात, हे त्याच पुस्तकाच्या तळटीपेत होतं. मी तळटीप वाचली नव्हती.

त्याला तिथेच थांबवून मी वर डॉक्टर करंदीकरांकडे गेले. ते आमचे ऑनररी, म्हणजे बाहेर प्रॅक्टिस करून इथले वॉर्ड बघणारे मोठे डॉक्टर. मी केसपेपर पुढे ठेवला.

"ही दुसरी ओळ कुणी लिहिली?"

"मी, सर."

"मिस परेरा, तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"ओळ कोरी होती, सर."

"मग मला विचारायचं. मी काय विलायतेला गेलो होतो?"

मी व्रणाबद्दल सांगितलं. मोर्चाबद्दल नाही सांगितलं. त्यांनीही विचारलं नाही. परबला वर बोलावून तपासलं, प्लेटलेट पुन्हा मोजायला लावल्या, त्याने जपून ठेवलेला त्या हॉस्पिटलचा कागद पाहिला. त्यावरचं नाव वाचून भुवई उडवली आणि कागद त्यालाच परत दिला. चार दिवसांनी माझी ओळ खोडून शेजारी सही केली आणि लिहिलं: प्लीहा काढल्यामुळे वाढलेल्या प्लेटलेट, रक्ताचा रोग नाही, कामास योग्य. प्लीहा का काढली, हे लिहायची गरज नव्हती.

मी नवी समरी टाइप केली. गिरणीच्या डॉक्टरने ती मानलीसुद्धा.

आठवड्याने परब पुन्हा खिडकीशी आला. कामावर घेतलं होतं, पण बदली म्हणून. कायम कामगार गैरहजर राहिला तरच बदलीला काम मिळतं, नाहीतर गेटवरून परत. मधल्या तीन आठवड्यांत त्याचे साचे, म्हणजे तो चालवायचा ते माग, दुसऱ्याला दिले गेले होते.

"तरी होईल परत कायम," तो म्हणाला. "तुमी होतात म्हणून निदान आत तरी घेतला. दुसरा कोण माझ्यासाठी एवढा करता, बाय?"

मागे रांग नव्हती. मला कसली घाईही नव्हती. ती ओळ माझीच होती हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी म्हटलं, "तब्येतीला जपा."

त्यानंतर तीस वर्षं मी त्याच खात्यात होते. हाताखाली कितीतरी मुली शिकून गेल्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी बजावायची: लॅबच्या रिपोर्टवरून निदान लिहायचं नाही, ओळ कोरी असेल तर जिने चढून डॉक्टरांना विचारायचं. एखादी विचारायची, असं का मॅडम? नियम आहे, एवढंच मी सांगत असे.